एकेकट्यानं ओलांडायचं

बऱ्हाणपुरात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा दुपारी आमचे घरमालक डोक्याला ओला पंचा गुंडाळून जिना चढून वर यायचे, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि मला विचारायचे, "सूनबाई, बर्फाखाली गाडलं जायची वेळ आली, तर पहिल्यांदा काय करायचं?" माझे हात कणकेत असायचे, घामाच्या धारा लागलेल्या असायच्या, आणि घरातला एकमेव बर्फ फ्रिजच्या वरच्या कप्प्यात असायचा. उत्तर चुकलं की ते जात नसत. उत्तर बरोबर आलं तरी जात नसत, कारण मग पुढचा प्रश्न असे. तोंडासमोर हात धरायचा, म्हणजे श्वासापुरती पोकळी राहते, हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. मी, नवरा आणि सासूबाई. खाली ते आणि काकू. त्यांना सगळी गल्ली काकाच म्हणायची, मीही म्हणायची. मूळचे अकोल्याकडचे. कुठल्याशा बारक्या खासगी पेपर मिलमध्ये त्यांनी नोकरी काढली होती, सेफ्टी खात्यात. ती मिल कधीच बंद पडली, पण काकांची ड्यूटी संपली नव्हती. फरक एवढाच, की तिथे त्यांचं ऐकायला लोकांना पगार मिळत असे. आम्ही फुकट ऐकत होतो.

गल्लीतली पोरं त्यांना बर्फवाले काका म्हणायची. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. लग्नसराईत अनोळखी लोक दार ठोठावून पन्ह्यासाठी लाद्या मागायला यायचे. काकांना राग येत नसे. ते त्या माणसाला आत बसवत, पाणी देत आणि हिमस्खलन म्हणजे काय ते समजावून सांगत. एकदा एका नवरीचा मामा चांगला तासभर अडकला होता. शेवटी त्याच्या घरचे शोधत आले.

हिमस्खलन हा शब्द ते पूर्ण उच्चारत. कुणी 'बर्फ पडणं' म्हटलं की थांबवत. बर्फ पडतो तो आकाशातून, आणि येतो तो डोंगरावरून, आणि पडणाऱ्यानं माणूस मरत नाही, येणाऱ्यानं मरतो. असं ते भाजीवालीलाही सांगत. ती बिचारी म्हणायची, हो ना काका, मेथी देऊ का?

एकदा त्यांनी माझ्याकडे परात मागितली. मी दिली. मग रवा मागितला, मग साबुदाणा, मग मैदा. मला वाटलं काकूंना काही करायचं असेल. पाहते तर काय, यांनी परातीत खाली रवा पसरून थापला, त्यावर साबुदाणा पेरला, त्यावर मैद्याचा जाड थर दिला आणि परात हळूहळू कलती करायला लागले. रवा म्हणजे जुना घट्ट बर्फ, मैदा म्हणजे नव्यानं पडलेला. एका क्षणी मैद्याचा अख्खा थर चिरफाळला आणि सरसर खाली आला. साबुदाण्यावरून घसरून थेट माझ्या धुतलेल्या फरशीवर. काकांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांना नातू झालाय. म्हणाले, "मैद्याला दोष देऊ नका. मधला थर कच्चा होता. तो वरून कोणालाच दिसत नाही." त्या दिवशी एकादशी होती. साबुदाण्यातून मैदा आणि रवा वेगळा करता करता माझ्या नाकी नऊ आले, आणि शेवटी सासूबाईंनी नुसतं केळं खाल्लं.

उताराचं त्यांना फार. अगदी सपाट उतारावर बर्फ बसून राहतो, अगदी कड्यावर तो टिकतच नाही, सगळ्यात वाईट तो मधला, आपल्या जिन्याएवढा. हे समजावण्यासाठी ते आमच्याच जिन्यात उभे राहत. गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूस खाली उभा आणि काका वरून हातानं उतार दाखवताहेत, हे चित्र मी डोळ्यांनी पाहिलंय. कापसाच्या जिनिंगमध्ये गेले तर ढिगाच्या पायथ्याशी खोऱ्यानं कापूस ओढणाऱ्यांवर ओरडत. त्यांचा कापूस, त्यांचा ढीग. पण यांना राहवत नसे.

दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात ते गल्लीतल्या लोकांना घेऊन पहाडात जात. आता तुम्ही विचाराल, की अशा माणसाबरोबर जायचं कोण? पण लोक जात. कारण रेल्वेची तिकिटं काढावीत तर काकांनीच. खालचे बर्थ म्हाताऱ्यांना, धर्मशाळेत गरम पाण्याची सोय, कोणाला साखरेची गोळी आहे, कोणाला रक्तदाबाची, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या बदल्यात एक अट असे. जाण्याआधी सराव करायचा.

आमच्या वेळचा सराव तापीच्या वाळूत झाला. एप्रिलमध्ये नदी आक्रसून एका कडेला गेली होती. काकांनी आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याची जुनी सूटकेस नेऊन वाळूत कुठेतरी पुरली होती, आणि सकाळी आम्हा सगळ्यांना हातात बांबू देऊन एका ओळीत उभं केलं. एक पाऊल पुढे, बांबू खोल घाला, काढा, पुन्हा एक पाऊल. "बाहेर राहिलेल्यांनी मदत आणायला पळायचं नाही," ते ओरडत होते. "आधी तुम्ही शोधायचं. पाव तासाच्या आत सापडला तर माणूस. नंतर नुसतं ओझं." जवळच्या जसोंडी गावचे दोन जण तिकडून ट्रॅक्टर घेऊन चालले होते. ते थांबले. त्यांनी विचारलं, सोनं हरवलं का? कोणी काही सांगायच्या आत तेही बांबू घेऊन ओळीत शिरले. सूटकेस त्यांनाच सापडली. ती रिकामी निघाल्यावर ते आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती मी विसरलेले नाही. मी पदरानं तोंड झाकून घेतलं होतं.

मी त्या वाळूत का उभी होते, ते सांगायला हवं. सासूबाईंसाठी. त्या तापीकाठच्या दापोऱ्याच्या. जन्म सगळा केळीच्या बागेत गेला, बुंध्याशी फुटलेली पिलं काढण्यात, घड झाकण्यात. बाकीचे देव त्यांनी सासऱ्यांबरोबर केले होते. उत्तराखंडातलं एक धाम राहिलं होतं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की आमच्या गल्लीत तो वाद पुन्हा सुरू होईल. ते एक दर्शन झालं की मग डोळे मिटायला मोकळी, असं त्या म्हणत. गुडघे दुखायचे, तरी त्या वर्षी त्यांनी दिवाळीपासून रोज सकाळी नदीपर्यंत चालायचा नेम धरला होता. परत येऊन ओसरीवर बसायच्या आणि गुडघे चोळत मला विचारायच्या, "चालणं होईल ना गं माझं?" मी म्हणायची, होईल. त्यांचं ते दर्शन व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. त्यापायी मी काकांचा बांबूही हातात धरला.

आम्ही निघालो तेव्हा काका-काकू, आम्ही तिघं, गल्लीतली दोन-तीन कुटुंबं आणि सासूबाईंचा भाचा व त्याची बायको, एवढे होतो. भाचा दापोऱ्याचा, केळीचा मोठा बागायतदार, धिप्पाड गडी. मी त्याला भाऊजी म्हणते. कुठल्याही गर्दीत पुढे होऊन वाट काढणारा माणूस. काका आणि तो पहिल्या दिवसापासून एकमेकांच्या डोक्यात गेले होते. काकांनी प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती. भाऊजीनं ती गाडीतल्या एका लहान मुलाला देऊन टाकली.

वरच्या देवळाकडे जाणारी वाट दोन ठिकाणी बर्फाच्या ओघळातून जात होती. ओघळ म्हणजे डोंगराच्या माथ्यापासून खाली दरीपर्यंत उतरलेली बर्फाची घळ. मधोमध पाऊलवाट खणून काढलेली. आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी वर नवा बर्फ पडला होता, आणि आता स्वच्छ ऊन होतं. काकांनी रात्री जेवताना सांगून ठेवलं, उजाडायच्या आत निघायचं आणि उन्हं तापायच्या आत दोन्ही ओघळ मागे टाकायचे. पहाटेचा बर्फ घट्ट असतो. दुपारचा भरवशाचा नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि पहाटे काय झालं? आंघोळी. देवाच्या दारात बिनआंघोळीचं कोण जाणार? आमच्याकडची माणसं एक वेळ उपाशी जातील, पारोशी जायची नाहीत. धर्मशाळेत पाणी तापवायचा एकच बंब, बादली बादली करून पाणी येत होतं. काका दारोदार फिरून सांगत होते की देव आंघोळ विचारणार नाही, ऊन विचारेल. त्यांनी स्वतः केली नव्हती. त्यामुळे तर त्यांचं कोणीच ऐकलं नाही. शेवटची बादली भाऊजीच्या बायकोच्या अंगावर पडली तेव्हा समोरची शिखरं लख्ख उजळली होती. नंतर लोकांनी सगळा दोष काकांना दिला, पण त्या बंबाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पहिल्या ओघळाशी त्यांनी आपलं तंत्र लावलं. एकेकट्यानं ओलांडायचं. पिशवीचे पट्टे एका खांद्यावरून सैल करायचे. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. एक जण पलीकडे सुखरूप पोचला की मगच दुसऱ्यानं पाऊल टाकायचं, आणि बाकीच्यांनी चालणाऱ्यावरची नजर काढायची नाही, म्हणजे काही झालंच तर तो शेवटचा कुठे दिसला ते कळेल. मागे यात्रेकरूंची रांग लागली. लोक हसत होते, कोणी म्हणालं, "भाईसाहब, रॅम्पवॉक चालू है क्या?" माझा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. सासूबाई मात्र काठी टेकत, ओठांत नाव घेत, नीट एकट्या गेल्या.

दुसऱ्या ओघळाशी पोचेपर्यंत दुपार झाली होती. देवळाचा कळस तिथून दिसत होता. सासूबाईंनी तो पाहिला, वाटेतच जोडे काढले आणि हात जोडले.

काका वर बघत होते. ओघळाच्या वरच्या अंगाला, आमच्या जिन्याएवढ्या उतारावर, बर्फाचे लाडवाएवढे गोळे आपोआप सुटून घरंगळत खाली येत होते, आणि मागे बारीक रेघा उमटत होत्या. बघायला छान दिसत होतं. काका म्हणाले, "आता नाही. उन्हानं वरचा थर सुटायला लागलाय. आपण परत फिरायचं. उद्या पहाटे येऊ."

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. लोक तर जात होते. आमच्या डोळ्यांदेखत माणसं, खेचरं, पालख्या, सगळं जात होतं. ओघळाशी उभ्या असलेल्या शिपायाला भाऊजीनं विचारलं, तर तो म्हणाला, "जाना है तो जल्दी जाओ, बीच में रुकना मत." भाऊजीला एवढं पुरे होतं. तो म्हणाला, ठीक आहे, सकाळसारखे एकेक जातो. काका म्हणाले, एकेकट्यानं जायचं ते धोका कमी करायला, पण आता धोकाच एवढा आहे की कमी होऊन होऊन किती होणार. माईंना मध्यावर किती वेळ लागेल ते त्यांनी भाऊजीला विचारलं. सासूबाईंना ते माई म्हणायचे.

मग भाऊजीनं ते केलं जे आमच्याकडचा कोणीही करेल. त्यानं हात पुढे केला.

दापोऱ्याकडे तापी उतरून जायची तर माणसं हाताला हात धरून साखळी करतात. पुढे तगडा गडी, मध्ये बायका आणि म्हातारी माणसं, शेवटी पुन्हा कोणी जाणतं. पाण्याच्या ओढीत एकाचा पाय सुटला तरी बाकीचे त्याला धरून ठेवतात. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा अशाच साखळीतून गेले होते. त्यामुळे भाऊजीचा हात पुढे आला आणि कोणी काही न बोलता सगळ्यांचे हात एकमेकांत गेले. मध्ये सासूबाई, त्यांच्या पुढे भाऊजी, मागे त्यांचा मुलगा. मी सगळ्यात शेवटी. भाऊजीनं बर्फावर पाऊल टाकलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

तेवढ्यात माझा मोकळा हात कोणीतरी धरला. बघते तर काका. मला वाटलं, चला, आले एकदाचे वळणावर. आणि हा माणूस चक्क खाली बसला. माझा हात धरून, पाय रोवून, चिखलात फतकल मारून. साखळी ताणली गेली, भाऊजी पुढे अडखळला, मागची दोघं-तिघं एकमेकांवर आदळली. खेचरवाले शिव्या द्यायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले की काका, हात सोडा, माझा खांदा निखळेल. ते म्हणाले, "निखळू दे. बसवता येतो."

सासूबाई मागे वळल्या. त्या रागावलेल्या मी क्वचितच पाहिल्यात. पण आवाज चढला नव्हता.

"साहेब, सोडा तिचा हात. मले जाऊ द्या. मी मेली तं देवाच्या दारी मरीन. याच्याहून चांगलं मरण कोणाले भेटतं?"

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "माई, तुम्ही एकट्या मरणार असता तर मी हात सोडला असता. तुम्हाला उकरायला आधी हा तुमचा मुलगा धावेल. त्याच्यामागे भाचा. त्यांच्यामागे ही. आणि वरचा अर्धा बर्फ तोवर शिल्लक असेल. तो यांच्यावर येईल."

सासूबाईंनी आपल्या मुलाकडे पाहिलं. मग वर पाहिलं, कळसाकडे. त्यांनी भाच्याच्या हातातून आपला हात काढून घेतला, मागे येऊन वाटेवरचे जोडे पायात घातले आणि आल्या वाटेनं चालायला लागल्या. त्यांच्या मागे सगळेच निघाले. त्यांच्याशिवाय दर्शन कोण घेणार?

ओघळापासून लांब, वळणाच्या अलीकडे एक पत्र्याची चहाची टपरी होती. आम्ही तिथे बसलो आणि समोरच्या उताराकडे बघत राहिलो. मी देवाशपथ सांगते, त्या दुपारी आम्ही सगळे मनातल्या मनात एकच मागत होतो, की वाट मोकळी असताना, कोणी तिथे नसताना, तो बर्फ एकदाचा खाली यावा. म्हणजे निदान आमच्या मागे फिरण्याला काही अर्थ येईल. तो आला नाही. लाडू घरंगळत राहिले, माणसं जात-येत राहिली. परतणाऱ्यांच्या कपाळावर गंध होतं. एका बाईनं सासूबाईंना विचारलं, "दर्शन हो गए अम्मा?" आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवल्यावर तिनं आपल्यातला प्रसाद काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला.

काका टपरीच्या बाहेर उभेच होते. काकू माझ्याजवळ बसून होत्या. त्या फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. मिलच्या आवारात लाकडाच्या भुग्याचा आणि तुकड्यांचा डोंगराएवढा ढीग असे. माणसं पायथ्यापासून माल ओढत, त्यामुळे ढीग खालून पोखरला जाई आणि वरचा भाग नुसता लोंबकळत राही. काका रोज तिथे जाऊन सांगत, खालून काढू नका. ढीग रोज उभाच राही, माणसं हसत. एक दिवस काकांनाच कंटाळा आला. म्हणाले, आज नाही जात, रोजचंच आहे. त्या दुपारी ढीग आला. खाली एक जण होता. त्याला बाहेर काढणाऱ्यांत काका होते, पण तो गेलेला होता. पुढे कधीतरी मिलच्या लोकांबरोबर पहाडात गेले असताना त्यांनी समोरच्या डोंगरावरून बर्फ उतरताना पाहिला, आणि घरी येऊन म्हणाले, अगं, तिथेही तोच ढीग आहे. तेव्हापासून हे सुरू आहे.

मी काकूंना म्हटलं, वाईट झालं, पण म्हणून आयुष्यभर लोकांचं डोकं खायचं का? काकू म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं गं."

रात्री पुन्हा बर्फ पडला. सकाळी वाट बंद केली होती, आणि कधी उघडेल ते कोणी सांगेना. एक दिवस थांबलो. भाऊजीची केळीची कटाई खोळंबली होती, नवऱ्याची रजा संपत होती, तिकिटं काढलेली होती. आम्ही खाली उतरलो. परतीच्या गाडीत खालचा बर्थ सासूबाईंना होता, काकांनी काढून दिलेला. त्या भिंतीकडे तोंड करून झोपून होत्या. खंडव्यापर्यंत कोणी कोणाशी धड बोललं नाही.

गल्लीत आल्यावर मात्र तोंडं सुटली. भाऊजी येईल जाईल त्याला सांगायचा की त्या दुपारी हजारो माणसं पार झाली, फक्त आम्ही बऱ्हाणपूरचे वेडे परत आलो. काही जण काकांच्या बाजूनं बोलायचे. आणि काका? त्यांनी एकदा तरी म्हणावं, की बर्फ येणारच होता, मी तुम्हाला वाचवलं. भांडायला काही तरी मिळालं असतं. ते म्हणायचे, "नाही आला. येईल असं मी म्हटलंच नव्हतं. येऊ शकतो असं म्हटलं होतं." पुन्हा कोणी विचारलं की हेच. शब्द बदलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? ते जिन्यात दिसले की मी बाजूला व्हायची.

सासूबाई त्यांच्याशी बोलणं सोडून बसल्या होत्या. पुढच्या वर्षी जाऊ, असं आम्ही त्यांना म्हणत राहिलो. त्या पुन्हा नदीपर्यंत चालायला लागल्याही होत्या. पण त्याच पावसाळ्यात त्या अंगणात, सपाट फरशीवर, दोन पावलं टाकताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या घरात वॉकर धरून चालल्या तरी पुष्कळ. धाम राहिलं ते राहिलंच. मी त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले, आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखा चिखलात फतकल मारून बसलेला तो माणूस येत होता.

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काका रोज वर यायला लागले. कोणी बोलावलं नव्हतं. खुर्ची ओढून खाटेपाशी बसायचे. सासूबाई तोंड फिरवायच्या. मग हळूहळू बोलायला लागल्या, पण बोलणं म्हणजे काय, नुसता उद्धार. तुम्ही माझं सोनं मातीत घातलं साहेब. कळस दिसत होता मले. काका ऐकून घ्यायचे. पाण्याचा पेला द्यायचे, उशी सरळ करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. मी म्हटलं, काका, कशाला येता, त्यांना त्रास होतो, तुम्हालाही होतो. ते म्हणाले, "रागावतात ना? रागवायला आहेत, तेच बघायला येतो." मला त्यांचा रागच आला.

नंतर आम्ही ते घर सोडलं. काकाही आता मुलाकडे नाशिकला असतात. त्याआधीची एक सकाळ मात्र सांगायची राहिली. सासूबाईंचं खाणं कमी झालं होतं, आणि आता फार दिवस नाहीत हे त्यांना आणि आम्हाला कळलं होतं. नवरा त्यांच्या पायाला तेल लावत होता. काका नेहमीसारखे आले, खुर्चीवर बसले. त्या दिवशी सासूबाई रागावल्या नाहीत. बहुतेक त्यामुळेच काका घाबरले. हातातला पंचा चुरगाळत ते म्हणाले, "माई, माझं चुकलं का?"

सासूबाईंनी विचार केला. घाई केली नाही.

"चुकलंच तुमचं साहेब," त्या म्हणाल्या. "माझा देव राहिला. तो आता काय भेटत नाही मले." मग पायाशी बसलेल्या मुलाकडे त्यांनी हात केला. "पण पुढच्या टायमाले याले घेऊन गेले, तं पुन्हा आसंच चुका."

काकांनी मान खाली घातली आणि हलवली. नवऱ्याचा तेलाचा हात थांबला होता. मी चहा टाकायला उठले, कारण मला तिथे बसवेना.